घरी जोडलेल्या कॉम्प्युटरला निम्माच भाव का?

रामबागकर

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिला कंपनीने लॅपटॉप दिला आणि आमचा डेस्कटॉप दिवाळीपासून चादरीखाली पडून आहे. म्हणून विकायला काढला. फेब्रुवारी २०२० मध्ये, लॉकडाउनच्या महिनाभर आधी, मी आणि भाच्याने चार शनिवार इथल्या, इंदूरच्या, सिल्व्हर मॉलमध्ये हिंडून एकेक भाग घेतला आणि घरी जेवणाच्या टेबलावर जोडला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन काड्या डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई (साठवणीची डिस्क), चांगल्यापैकी ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा भाग). मॉनिटर सोडून ६६ हजार झाले होते. सगळी बिलं फाइलला लावलेली आहेत.

परवा गाडीत घालून एका दुकानात नेला. त्या गृहस्थाने झाकणसुद्धा उघडलं नाही. पायाने कॅबिनेट जरासं फिरवलं, मागची पोर्टं बघितली आणि म्हणाला, "भिया, असेंबल्ड है, चौदा से ऊपर नी जाएगा." बिलांची फाइल पुढे केली तर म्हणे, फाइल घर पे रखो.

प्रत्येक भागाचा आजचा जुना भाव मी वेगवेगळा काढला. बेरीज ३१ हजारांच्या आसपास येते. मग तेच भाग एकत्र, चालू स्थितीत, तारा नीट बांधून मिळत असतील तर किंमत बेरजेच्या निम्मी कशी? खरं तर वर चार पैसे जोडणीचे मिळायला हवेत. मी ३० सांगतोय. चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट.

ओव्हरटाइम

असहमत. कारणासकट सांगतो.

बेरीज तुम्ही करताय, घेणारा करत नाही. तो फक्त एवढंच बघतो की तेवढ्याच पैशात शेजारी काय मिळतंय. कंपन्यांनी बदलून टाकलेले डेस्कटॉप आज ढिगाने येतात. डबा लहान, वर मोठ्या ब्रँडचं नाव, दुकानदाराची सहा महिन्यांची चिठ्ठी आणि भाव तुमच्या निम्मा. टॅली आणि एक्सेल चालवणाऱ्याला तुमच्या ग्राफिक्स कार्डाचं काय लोणचं घालायचंय? आणि ज्याला गेम खेळायचेत त्या पोराला २०१९ सालचं कार्ड नकोय. मधे जो उरतो तो तुमचा गिऱ्हाईक. अख्ख्या इंदुरात एका वेळी तसे चार जण निघाले तर नशीब.

६६ हजारांची बिलं दाखवणं म्हणजे काडीमोडाच्या वेळी लग्नात पंगतीला किती खर्च आला ते काढून बसणं. २० मिळाले तर हसत द्या.

जिरावण

त्या दुकानदाराला लुटारू ठरवू नका. अकरा वर्षं मी तसल्याच काउंटरमागे उभा होतो. १४ ला घेतलेला डबा तो फुंकून-झाडून, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून, विंडोज टाकून २१-२२ ला विकणार. माल दीड-दोन महिने पडून राहतो. विकला की महिनाभराची तोंडी का होईना हमी द्यावी लागते आणि तेवढ्यात एसएमपीएस गेला तर तो त्याच्या गल्ल्यातून. दहातले दोन हमखास परत येतात. त्या दोघांचा खर्च तो उरलेल्या आठ जणांकडून आधीच कापून ठेवतो. तुम्ही त्या आठांतले.

बाकी १६६० सुपर म्हटलं की आमच्या लाइनीतला माणूस जरा मागे सरकतो, त्यालाही इतिहास आहे. २०२१ मध्ये हीच कार्डं इथेरियम हे आभासी चलन खणायला, म्हणजे कॉम्प्युटरला गणितं सोडवायला लावून कमवायला, रॅकमध्ये दिवसरात्र पिळली गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि ती सगळी कार्डं धुऊनपुसून जुन्या बाजारात आली. खणलेलं कार्ड खराबच असतं असं नाही, बहुतेक वेळा पंखे आणि आतले थर्मल पॅड तेवढे झिजतात. पण भाव पडला तो पडलाच.

म्हणून सांगतो, बिल किंमत सिद्ध करायला दाखवू नका. बिलावरचा सीरियल नंबर आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर एकाच फोटोत दाखवा. पहिल्या दिवसापासून कार्ड तुमच्याकडेच आहे, हे त्यातून कळतं. फाइलचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

माळव्यातली माई

मी घेणाऱ्यांच्या बाजूची. दोन वर्षांपूर्वी मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा असाच घरी जोडलेला पीसी २४ हजारांना घेतला. विकणाऱ्या मुलाने गेम लावून दाखवला, दिवे लाल-निळे लुकलुकत होते, आम्ही खूश. तेविसाव्या दिवशी पोरीने रात्री रेंडर, म्हणजे आराखड्यावरून चित्र बनवायचं जड काम, लावला आणि फट्ट आवाज होऊन घरभर जळका वास. मेकॅनिकने उघडून एसएमपीएस माझ्या हातात दिला. वर ५०० वॅट छापलेलं आणि वजन बिस्किटाच्या रिकाम्या डब्याएवढं. जळताना तो मदरबोर्डही घेऊन गेला. त्या मुलाला फोन केला तर, "आंटीजी, मेरे यहाँ तो चल रहा था."

आता मला कोणी भागांची यादी वाचून दाखवली की कान बंद होतात. यादीत एसएमपीएस नेहमी शेवटी असतो आणि पुढे नुसतं "५०० वॅट".

रामबागकर

माई, झालं ते वाईटच झालं. पण त्या पोराने केलेल्या लबाडीचा दंड मी का भरायचा? माझ्या एसएमपीएसचंही बिल आहे, मॉडेल नंबरासकट. दर मे महिन्यात झाकण उघडून रंगाच्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ केलाय, सहा उन्हाळे झाले. मागच्या पंख्याशेजारी भाच्याची चिठ्ठी अजून टेपने चिकटलेली आहे, "मामा, हा पंखा उलटा लावू नका, हवा बाहेर." शाई फिकी झाली, पण पंखा एकदाही उलटा लागला नाही.

ओव्हरटाइम, पंगतीचा टोमणा आवडला, पण गैरलागू आहे. मी २०२० चा भाव मागतच नाहीये. आजचाच मागतोय.

हिशेबी

इतका वाद कशाला? सुटं करून विका. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढलेत. कारखाने एआयच्या डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे वळले आणि डीडीआर४ मागे पडली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सहा वर्षं वापरलेल्या काड्यांना चांगला भाव यावा, हे एरवी होत नाही. काड्या आणि एनव्हीएमई आठवड्यात जातील.

जिरावण

हिशेबीताई, काड्या जातील हो. पुढे? रायझन ५ ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड विकलं की उरलेला डबा पडद्यावर काही दाखवतच नाही. मग प्रोसेसर आणि बोर्ड घ्यायला आलेल्या माणसाला चालू आहे हे दाखवणार कसं? कार्ड शेवटी विकायचं म्हटलं तर कार्ड घेणाऱ्याला ते चालवून बघायला अख्खा पीसी लागतो. म्हणजे भाग काढायचे ते क्रमाने, आणि शेवटी कॅबिनेट माळ्यावर. पाच गिऱ्हाइकं, पाच वेळा चहा, पाच घासाघिशी. त्यांच्या ३१ च्या बेरजेत ही वणवण धरलेलीच नाही.

ओव्हरटाइम

हेच म्हणतोय मी. बेरीज आणि भाव यांच्यात जो खड्डा आहे तो याच वणवणीचा. ती घेणाऱ्याने करायची नसेल तर विकणाऱ्याने सोसायची. आणि १६६० ला तर आता नवे ड्रायव्हरही, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, येत नाहीत.

बडोदेकर

ड्रायव्हरची गल्लत झाली तुमची. नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले ते जीटीएक्स १० मालिकेचे, म्हणजे १०६०, १०७० वगैरे. १६६० पुढच्या ट्युरिंग पिढीतलं, ते त्या यादीत नव्हतं.

दुसरं, ते स्वस्त ढिगातले डबे. त्यांत इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे आय५ प्रोसेसर भरपूर असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट संपले आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. रायझन ३६०० त्यात बसतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागते. शिवाय त्याच बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून ५००० मालिकेतला रायझन बसतो. ढिगातल्या छोट्या डब्यांत बऱ्याचदा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, मोठं कार्ड घालायचं तर आधी तिथेच अडतं. तेव्हा त्यांची आणि याची तुलना तुम्ही जरा घाईने केलीत. घेणारा पुढे काय करू शकतो याचेही पैसे असतात.

३० जास्त आहेत हे मात्र खरं. मी बडोद्यात माझा विकला तेव्हा दहा दिवस एकच आकडा धरून बसलो, नुसते "लास्ट प्राइस?" असे निरोप. दोन हजार उतरवले, त्याच संध्याकाळी दोघे दारात.

आणि जाहिरात टाकली की तासाभरात कोणी तरी न बघताच सौदा पक्का करेल, क्यूआर पाठवेल आणि म्हणेल, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मीही क्षणभर बोट पुढे नेलं होतं, म्हणून लिहितोय.

हिशेबी

आणि एनव्हीएमई नुसती फॉरमॅट करून देऊ नका. त्यावर मुलीचे फोटो, आधार, बँकेचे कागद असणार. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये सिक्युअर इरेज, म्हणजे सगळं कायमचं पुसायची सोय, असते, ते करा.

रामबागकर

बडोदेकर, आभार. जिरावण, तुमचं दहातल्या दोघांचं गणित पटलं. मला १४ चा राग आकड्याचा नव्हताच, झाकण न उघडण्याचा होता. त्या १४ मध्ये माझा एसएमपीएस आणि माईंना मिळालेला तो बिस्किटाचा डबा एकाच भावाचे ठरतात. ज्याने नीट वस्तू घातली त्याला काहीच जास्त मिळणार नसेल तर उद्या कोणी नीट घालणारच नाही.

जाहिरात नव्याने लिहिली आहे. सर्वांत आधी झाकण काढलेला फोटो. मग एसएमपीएसचं लेबल, मग सीरियल नंबराचा फोटो, मग एनव्हीएमईचं आरोग्य, जे सॉफ्टवेअर ८८ टक्के दाखवतंय. भाव २५.

ओव्हरटाइम

आता वाचण्यासारखं झालं. तरी २२ च्या वर एक पैसा नाही. लिहून ठेवा.

माळव्यातली माई

मी २५ देईन, पण अटीवर. २३ आत्ता, उरलेले २ पंधरा दिवसांनी. तुम्हाला तुमच्या वस्तूची एवढी खात्री आहे ना?

ओव्हरटाइम

पंधरा दिवसांनी कोण देतंय हो? विकला की विकला. उद्या पोराने त्यावर पाणी सांडलं तर तेही मामांच्या माथी?

रामबागकर

इथे मात्र मी चक्क ओव्हरटाइमच्या बाजूने! पैसे अडकवणार नाही. त्याऐवजी घरी या, दोन तास हवं ते चालवा, रेंडर लावा, कार्ड तापवा, मी खोलीतला पंखा बंद करून बसतो. रविवारी दहाला एक कॉलेजचा मुलगा यायचाय. पोहे-जलेबी खाऊ घालीन, भाव उतरवणार नाही.

माळव्यातली माई

रेंडर पोह्यांच्या आधी लावायला सांगा त्याला.