ऑक्टोबरात गहू पेरायचा आणि वर ‘तांबेरा येतच नाही’?

वापसा_बघून:
“सोयाबीन निघालं की 15 ऑक्टोबरला गहू उरका, उत्तरेतला करण वंदना वाण घ्या, तांबेराप्रतिकारक आहे, फवारणी लागत नाही, एकरी तीस क्विंटल.” ही पोस्ट सगळीकडे फिरतेय आणि खाली पन्नास जण ‘बियाणं कुठं मिळेल’ विचारताहेत. म्हणून लिहितोय.

तांबेरा म्हणजे पिकावर पुटकुळ्या आणणारा बुरशीचा रोग. तांबेरे तीन: पिवळा, नारिंगी, काळा. पिवळ्याला 10-15 अंशांची थंडी लागते, ते पंजाब-हरियाणाचं दुखणं. तिथं वाण निवडताना पहिला प्रश्न पिवळ्याचाच. आपल्या मैदानात येतो तो पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा. नुसतं ‘प्रतिकारक’ म्हणून काय उपयोग? कशाला, आणि कुठल्या विभागात तपासलेला? तीस क्विंटलचे आकडे ज्या प्रयोगांतून येतात तिथं खत शिफारशीच्या दीडपट, वर हेक्टरी 15 टन शेणखत, आणि पीक लोळू नये म्हणून वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट नि बुरशीनाशक टेब्युकोनॅझोल एकत्र करून दोन फवारण्या: पहिलं कांडं धरताना आणि शेवटचं पान निघताना. पोस्टमध्ये यातलं काही आहे?

आपल्याकडे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा जिरायतीचा. त्याला नेत्रावती, शरद, पंचवटी हे वाण. बागायती 1 ते 15 नोव्हेंबर: एमएसीएस 6222, 6478, तपोवन, त्र्यंबक, फुले समाधान.

कोरडवाहू_काका:
तारखा पाठ आहेत सगळ्यांच्या. रान 5 ऑक्टोबरला मोकळं होतं, ओल जमिनीत आहे. नोव्हेंबरपर्यंत ती उडून गेली की पेरणीआधी एक पाणी वाढतं. ते पाणी तुम्ही देणार का? शिवाय लवकरचा गहू फेब्रुवारीच्या उन्हाआधी चिकातून, म्हणजे कोवळा दाणा भरण्यातून, बाहेर पडतो. दाणा बारीक पडत नाही. उशिराच्या पेरणीला पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट, हे तुमचेच लोक सांगतात ना?

वापसा_बघून:
काका, ती घट 15 नोव्हेंबरच्या पुढची आहे. तीच पट्टी उलटी लावून ऑक्टोबरात वाढ निघत नाही. गरम जमिनीत उगवण घटते, आणि फुटवे धरायला थंडी लागते. ती नसली की पीक घाईनं कांड्यावर येतं, फुटवे दोन-तीनच, ओंबी आखूड. वर मूळकूज आणि वाळवी. हेक्टरी 100 किलो टाकूनही रान विरळ दिसतं, मग ‘बियाणं खराब’ म्हणून बोंब.

निफाडची_हवा:
एक गोष्ट दोघंही विसरताय. तांबेऱ्याचे बीजाणू उन्हाळ्यात आपल्या मैदानात जगत नाहीत. ते दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरात टिकतात आणि नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातल्या वादळांबरोबर वर येतात. तांबेऱ्याचे अभ्यासक के. सी. मेहतांनी हे डोंगराचं कोडं कधीच सोडवलंय. तेव्हा सगळ्यात आधी हिरवा असलेला गहू म्हणजे त्यांचा पहिला मुक्काम. लवकर पेरून तांबेरा ‘चुकतो’ हे अर्धंच खरं. काळा उबेत, उशिरा जोर धरतो, तो चुकेल. नारिंगी नाही.

लोकवनवाला:
एवढं शास्त्र झाडून झालं असेल तर बाजारात या. 6478 म्हटलं की व्यापारी ‘हे काय’ विचारतो. लोकवन म्हटलं की पोतं उघडतो. दाणा टपोरा, पोळी मऊ. चाळीस वर्षं लोक खाताहेत, कुणी मेलं नाही.

निफाडची_हवा:
मेलं नाही, पण रान तांबूस झालं. लोकवन म्हणजे लोक-1, गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आला तेव्हा उत्तम होता, मान्य. आज दोन्ही तांबेऱ्यांना बळी पडतो. आणि अडत्याच्या फळीवर जे चकाकतं ते सगळं ‘लोकवन’ म्हणूनच खपतं. 6222 ओता, तोच भाव मिळेल. कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपमध्ये लोक-1 आणि एचडी 2189 हेक्टरी 25-30 क्विंटल द्यायचे, 6478 ने 45 च्या वर नेलं. पोळीच्या परीक्षेतही तो कमी नाही.

लोकवनवाला:
एका गावाचं उदाहरण किती वर्षं पुरवणार? आणि बियाणं वेळेवर मिळतं का? दिवाळीत पिशवी संपलेली असते. लोकवन घरचं असतं.

कोरडवाहू_काका:
हे मात्र सोळा आणे खरं. वाण कागदावर, पिशवी कुठाय?

वापसा_बघून:
घरचं बियाणं आणि वर थायरम हे बुरशीनाशक 3 ग्रॅम लावून निवांत, हाच तर घोळ आहे. काणी, म्हणजे ओंबी काळी करणारी बुरशी, दाण्याच्या आत असते, थायरम वरच्या वर राहतं. कार्बोक्सिन किलोला अडीच ग्रॅम लागतं. नाहीतर मे महिन्यात सकाळी चार तास भिजवून कडक उन्हात वाळवा. किती लोकवनवाले करतात? काणीची काळी ओंबी दिसली की पिशवीत घालून उपटायची असते. इथं हातानं झटकतात आणि शेजाऱ्याच्या फुलोऱ्यात सोडतात.

लोकवनवाला:
सगळे गाढव, तुम्ही एकटे शहाणे. चालू द्या.

निफाडची_हवा:
चिडू नका दादा, धागा पेरणीचा आहे. काका, तुमची ओल खरंच वाया घालवायची नसेल तर नेत्रावती घ्या. 20 ऑक्टोबरनंतर, बी आणि खत एकत्र पेरणाऱ्या दोन चाडी पाभरीनं 5-6 सेंमी खोल, ओळी 22.5 सेंमीवर. एकच पाणी असेल तर 40-42 दिवसांनी. दोन असतील तर 20-22 आणि 60-65 ला. पूर्ण बागायती वाण मात्र त्या तारखेला नको.

कोरडवाहू_काका:
म्हणजे ऑक्टोबरात पेरता येतं. हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

वापसा_बघून:
तुम्ही 5 ऑक्टोबर धरून बसला होता. पण ठीक, जिंकलात. सत्कार ठेवू.

लोकवनवाला:
मी नोव्हेंबरात पेरेन. पण लोकवनच.

निफाडची_हवा:
पेरा. फक्त डिसेंबरपासून दर आठवड्याला खालची पानं उलटून बघा. नारिंगी पुटकुळ्या दिसल्या की प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक 10 लिटरला 10 मिली, एकरी 200 लिटर पाणी, पंधरा दिवसांनी परत. औषधाचं बिल त्या व्यापाऱ्याकडे पाठवा.