आधी काय स्कॅन करायचं: जुनी साप्ताहिकं की मोडी रुमाल?

गंगावेस:
कोल्हापुरात डिजिटायझेशनचा विषय निघाला की सगळे मोडी दप्तराकडेच, म्हणजे मोडी लिपीत हातानं लिहून रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधलेल्या जुन्या कागदांकडेच बघतात. माझं मत उलटं आहे. आधी छापील कागद घ्या. मोडी पत्रं बहुतेक हातकागदावर आहेत, कोरडी ठेवली तर शतकं टिकतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याला त्यातलं आम्लच खातं. आधी पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. 'सत्यवादी', खंडेराव बागलांचं 'हंटर' अशा जुन्या साप्ताहिकांच्या अंकांत ब्राह्मणेतर चळवळीच्या सभा आहेत, वाद आहेत, जाहिराती आहेत. असे अंक पान उलटताना हातात चुरा होतात. थांबायला वेळ नाही.

मोडीवेडा:
अजिबात पटलं नाही. छापील अंकाच्या अनेक प्रती निघतात. इथं नसला तर सांगलीत, पुण्यात कुठल्यातरी वाचनालयात निघेल. मोडी पत्र एकुलतं एक. आणि कोरडी ठेवली तर म्हणता, पण २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कुठवर आली ते आपण बघितलंय. काजळीची शाई डिंकात कालवलेली असते, भिजली की पसरते. कागद राहील, अक्षर जाईल.

गंगावेस:
'कुठंतरी निघेल' याच भरवशावर आपण मूकपट घालवले. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावची. त्यांच्या चित्रपटांच्या प्रती बाहेरगावी जात होत्या, एकुलत्या एक नव्हत्या. आज त्यातलं बहुतेक काही हाती नाही. पुराचं मात्र मान्य. नदीकाठच्या पेठांतल्या घरांतली दप्तरं खरंच आधी घ्यायला हवीत.

जुनी_पानं:
दोघंही स्कॅनरपाशीच अडलाय. सूचीचं काय? पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा आदेश २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या गॅझेटात आहे. तारीख ठाऊक आहे म्हणून तो सापडतो. ज्याची तारीख कुणालाच ठाऊक नाही, ते कसं शोधणार? छापील देवनागरी संगणक बऱ्यापैकी वाचतो, मोडीचं धावतं हस्ताक्षर अजून भरवशानं वाचत नाही. तिथं जाणकार माणूसच बसवावा लागतो: कुणी कुणाला लिहिलं, कधी, कोणत्या गावाबद्दल. नुसते आकडे दिलेल्या हजारो फायली म्हणजे बांधलेला रुमालच.

भुदरगडकर:
आमच्याकडं सनदा हायत, वाटणीपत्रं हायत. भावकीचा दावा अजून कोर्टात हाय. आमचा कागद उद्या सगळ्या जगानं वाचायचा? मी न्हाई देणार.

मोडीवेडा:
काका, मूळ कागद घराबाहेर न्यायचाच नाही. तुमच्या सोप्यात, तुमच्यासमोर फोटो घ्यायचे. एक प्रत तुमच्याकडं, एक संग्रहात बंद. दावा संपल्यावर खुली करायची की नाही, ते तुम्ही लिहून द्या. पण पूर आला तर निदान प्रत राहील.

भुदरगडकर:
लिहून मिळणार असंल तर घरात बोलतो. थोरल्या भावाला इचारल्याबिगर न्हाई.

जुनी_पानं:
लेखी करार हवाच. आणि मोडी वाचणाऱ्याला मानधन धरा. फुकटात कुणी किती वर्षं डोळे घालवायचे?