मदत हवी आहे: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत केनेडींच्या मतांचे दोन आकडे, खरा कुठला?

शोधक_नाशिक: तक्ता उद्या द्यायचाय आणि एकाच ओळीवर गाडी अडलीये. एकीकडे केनेडी ३,१८,३०३, दुसरीकडे १,४७,२९५. त्यांचे प्रतिस्पर्धी निक्सन दोन्हीकडे २,३७,९८१. कुठला घेऊ? लवकर सांगा.

रानजाई: राज्य कुठलं? देशभरात त्यांना ३ कोटी ४२ लाख मतं होती.

शोधक_नाशिक: अलाबामा. साल १९६०च, अध्यक्षपदाला ते एकदाच उभे होते.

भटक्या७: अलाबामा सोडा, इलिनॉय बघा. शिकागोत मतं फिरवली म्हणूनच केनेडी आले.

गणितमास्तर: भटक्या, अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतून निवडून आलेले इलेक्टर. इलिनॉयचे २७ वजा केले तरी केनेडींच्या ३०३ इलेक्टरांमधले २७६ उरतात. बहुमत २६९ ला होतं. उगाच फाटे फोडू नका.

शोधक, अलाबामाच्या मतपत्रिकेवर केनेडींचं नावच नव्हतं, इलेक्टरांची नावं होती आणि प्रत्येकाला वेगळं मत. केनेडींच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीत ११ जण. प्राथमिक निवडणुकीतून त्यातले ५ केनेडीनिष्ठ निघाले, ६ कुणालाच न बांधलेले. केनेडीनिष्ठांपैकी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला ३,१८,३०३, मोकळ्यांपैकी सर्वाधिकवाल्याला ३,२४,०५०. तुमचा दुसरा आकडा म्हणजे या ३,२४,०५० चे पाच-अकरांश. तोच घ्या.

रानजाई: अजिबात नाही! केनेडी हवे असलेल्या मतदाराला डेमोक्रॅटिक यादी एकच होती. त्याने अकराही नावांवर खूण केली, तर त्याचं निम्म्याहून जास्त मत कापायचं?

गणितमास्तर: आणि त्याच मतांवर निवडून आलेल्या सहा मोकळ्यांनी व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना मत दिलं, ते कुठे मांडणार? पूर्ण आकडा केनेडींना दिला तर मोकळ्या इलेक्टरांमागे एकही मतदार उरत नाही. वर्णभेद टिकावा म्हणून त्यांना मुद्दाम मत देणारे तिथे भरपूर होते.

भटक्या७: म्हणजे देशाचा निकालच बदलतो की!

गणितमास्तर: एकूण मतांचा, हो. केनेडींची आघाडी १,१२,८२७ ची. अलाबामात १,७१,००८ कमी धरली की निक्सन ५८,१८१ नी पुढे. अध्यक्ष मात्र केनेडीच.

रानजाई: बहुतेक तक्त्यांत ३,१८,३०३ च असतो. तो टाका, खाली टीप द्या.

शोधक_नाशिक: टीप देतो. पण बर्ड यांच्यापुढे मतं शून्य आणि इलेक्टर ६, असं लिहू का? रकाना रिकामा चालत नाही.

भटक्या७: १५ लिहा. मिसिसिपीचे ८ आणि ओक्लाहोमाचा १ राहिला.

शोधक_नाशिक: तक्ता फक्त अलाबामाचा आहे हो!