टेलिकॉमचं पहिलं प्रॅक्टिकल : दोन हजारांत घरी काय घ्यावं?

औंढेकर
नमस्कार मंडळी. गाव हिंगोली जिल्ह्यात, सध्या नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. यंदा कम्युनिकेशनची लॅब सुरू झाली. किट म्हणजे बंद डबा, वर नुसते सॉकेट. मॅन्युअलात सांगितल्या तशा पॅचकॉर्ड जोडायच्या, सीआरओवर (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) दिसेल ते ग्राफपेपरवर काढायचं, सही घ्यायची. एका किटवर सहा जण. मला तर एएमचा, म्हणजे आवाजाप्रमाणं उंची बदलणारा, वेव्ह स्क्रीनवर नुसता पळतानाच दिसतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एन्व्हलप, म्हणजे वेव्हच्या टोकांवरून जाणारी रेषा, विचारलं की तोंडाला कुलूप. जवळ दोन हजार आहेत. छोटा डीएसओ (डिजिटल सीआरओ) घ्यावा, किट घ्यावं, का सिम्युलेशनवरच भागवावं?

सोल्डरगंध
बाळा, मी लातूरकडं पॉलिटेक्निकच्या लॅबमधे असिस्टंट आहे. पळणारा वेव्ह आधी थांबव, त्याला पैसे लागत नाहीत. सीआरओ कॅरिअरवर, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या वेगवान लाटेवर, ट्रिगर व्हायलाय (तिच्याकडं बघून चित्र सुरू करायलाय) म्हणून तो पळतो. मॉड्युलेटिंग सिग्नल (आवाजाचा) दुसऱ्या चॅनेलला दे, ट्रिगर सोर्स तोच चॅनेल ठेव. जागेवर उभा राहील. मग वेव्हची सगळ्यात मोठी उंची आणि सगळ्यात लहान उंची मोज, वजाबाकी भागिले बेरीज, तुझा मॉड्युलेशन इंडेक्स (उंची किती बदलते त्याचं माप) आला. १ च्या वर गेला की एन्व्हलप मोडतो. नॉब फिरवून ते मुद्दाम मोडून बघ. पोरं हेच करत नाहीत, किट बिघडंल म्हणून भितात.

अन् दोन प्रोबांच्या ग्राउंड क्लिपा वेगवेगळ्या जागी लावू नको. दोन्ही आतून एकच असतात, मधलं सर्किट शॉर्ट होतं. वर्षाला दोन-तीन किटं अशीच जातात.

पंख्याखाली
सिम्युलेशन कर रे, एलटीस्पाइस फुकट आहे. लाईट गेली तरी लॅपटॉप चालतो 😀

सोल्डरगंध
करू दे की. पण सिम्युलेशनमधे ढिल्ली वायर नसते. किटात पैसे घालू नको, पुन्हा बंद डबाच. ब्रेडबोर्ड घे, एक जर्मेनियम डायोड, काही रेझिस्टर, कपॅसिटर. एन्व्हलप डिटेक्टर (एएममधून आवाज वेगळा काढणारं सर्किट) स्वतः जोड. ४५५ किलोहर्ट्झ कॅरिअर आणि १ किलोहर्ट्झचा टोन असेल तर १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड लाव. टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती वेगानं रिकामा होतो त्याचं माप) १०० मायक्रोसेकंद होतो, आवाज नीट येतो. मग कपॅसिटर काढून ०.१ चा लाव. आऊटपुट उतारावर तिरकं कापलेलं दिसंल, कारण कपॅसिटर रिकामा व्हायच्या आत एन्व्हलप खाली गेलेला असतो. हे एकदा डोळ्यानं बघितलं की व्हायवात कुणी अडवणार नाही.

जुना_एक्स्चेंज
मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. पुढं सॅम्पलिंगचा, म्हणजे सिग्नलचं ठरावीक वेळानं माप घ्यायचा, प्रयोग येईल, तो उरकू नका. फोनवर आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच पाठवतात, सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट, म्हणून ६४ किलोबिट. लॅबमधे ८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलरला फिल्टर न लावता ५ किलोहर्ट्झचा टोन द्या, पलीकडं ३ चा निघतो, कारण सॅम्पलिंगच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ च्या, वरचा टोन खाली दुमडतो. आम्हाला ट्रेनिंगला हे फळ्यावर शिकवलं, कुणालाच पटलं नव्हतं.

परभणीची_मीरा
दादा, डीएसओ लॅबचाच वापरा, आणि पैसे उरले तर आरटीएल-एसडीआरचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या. लॅपटॉपवर एफएमचं स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल ते, दिसतं. गाणं सुरू असलं की पसरतं, निवेदक थांबला की आकसतं. मिडियम वेव्हला मात्र साधा डोंगल चालत नाही. सुपरहेट (रेडिओत स्टेशनची फ्रिक्वेन्सी एका ठरावीक आयएफ फ्रिक्वेन्सीला आणायची पद्धत) मला आमच्या परभणी आकाशवाणीवरच कळलं : स्टेशन १३०५ किलोहर्ट्झवर, रेडिओतला लोकल ऑसिलेटर १७६०, फरक ४५५, तोच आयएफ.

पंख्याखाली
एफएम ट्रान्समीटर पण बनव, एका ट्रान्झिस्टरचा. अख्ख्या होस्टेलला ऐकव.

जुना_एक्स्चेंज
ते नको. परवान्याशिवाय प्रक्षेपण गुन्हा आहे. ऐकायचं ते ऐका.

औंढेकर
काका, ट्रिगरचं आज करून बघितलं. उभा राहिला! मागच्या बेंचवरचे पण बघायला आले. आता ब्रेडबोर्ड आणला, पण दुकानदार म्हणतो जर्मेनियम डायोड येत नाही, १एन४००७ घेऊन जा.

सोल्डरगंध
तो घेऊ नको, तो पॉवर सप्लायचा. ०.७ व्होल्ट तिथंच खाईल अन् एवढ्या फ्रिक्वेन्सीला जमणार नाही. घरी बंद पडलेला जुना रेडिओ असंल तर उघड. शेवटच्या आयएफ कॅनजवळ (धातूच्या छोट्या डबीजवळ) काचेचा बारका डायोड असतो.

औंढेकर
रेडिओ आहे, आजोबांचा. तीन वर्षं बंद आहे, पण रोज पुसून ठेवतात. विचारायची हिंमत होईना.