वांग्यावरचा डीएसआरएनए फवारा: ढालकिड्यांची ४८ तासांची चाचणी पुरेल का?

महापे_रजिस्ट्रेशन: वांग्यावरच्या अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंगेऱ्यासाठी २४० बेसजोड्यांच्या डीएसआरएनएची (किडीच्या जनुकाचा संदेश तोडणारा दुहेरी धाग्यांचा आरएनए) नोंदणीची फाइल तयार करतोय. मात्रा हेक्टरी १० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांवर ४८ तासांच्या चाचणीत मरतूक शून्य. नोंदणी समितीपुढे एवढं चालेल का?

कीटकविष_तुर्भे: नाही चालणार, आणि चालू नये. हा भुंगेरा आणि आपले मित्र ढालकिडे एकाच कुळातले. सगळ्यात मोठी जोखीम इथेच आहे.

जनुकाचा संदेश तुटला तरी आधी तयार झालेलं प्रथिन संपेपर्यंत किडा खातो, फिरतो. ४८ तासांत मरतूक शून्य येणारच. पहिल्या अवस्थेतल्या अळ्या घ्या आणि प्रौढ बाहेर पडेपर्यंत चाचणी चालवा. मरतुकीबरोबर वजन, कोषात जाण्याचा दिवस आणि प्रौढांनी घातलेली अंडीही नोंदवा.

तुमचं फवारणीचं द्रावण मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम होतं. खाद्यात त्याच्या दहापट, म्हणजे २०० ठेवा. खाद्य रोज बदला. २४ तासांनी उरलेलं खाद्य जेलवर चालवून आरएनए अखंड आहे का बघा; तुटलेला असेल तर अळ्यांना मात्रा मिळालीच नाही.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचे गट, दोन हवेत. एक जीएफपीचा, म्हणजे किड्यात नसलेल्या चमकत्या प्रथिनाच्या जनुकाचा, डीएसआरएनए. दुसरा ढालकिड्याच्या स्वतःच्याच व्ही-एटीपेज या जगायला अत्यावश्यक जनुकाविरुद्धचा. या दुसऱ्या गटात अळ्या मेल्या नाहीत, तर तुमच्या ‘सुरक्षित’ निकालाला काडीचाही अर्थ नाही.

सिक्वेन्स_ऐरोली: मॅडमना दुजोरा. शिवाय तुमच्या डीएसआरएनएचा क्रम ढालकिड्यांच्या जनुकांशी कुठे जुळतो का, ते आधी संगणकावर तपासा. पेशीत डीएसआरएनए कापला जातो आणि त्या तुकड्यांवरूनच संदेश ओळखला जातो; २४० बेसजोड्यांतून २१ चे २२० वेगवेगळे तुकडे पडू शकतात. मेगाब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचा ठरलेला वर्ड साइज (शोधायला लागणारी किमान सलग जुळणी) २८ असतो, त्यामुळे २१ ची जुळणी निसटते आणि अहवाल उगाच स्वच्छ दिसतो. लहान तुकडे जुळवणारा बोटाय प्रोग्रॅम वापरा, इथल्या ढालकिड्यांचा ट्रान्सक्रिप्टोम (सगळ्या जनुक-संदेशांचे क्रम) करून घ्या. जुळणी सापडली म्हणजे अपाय होतोच असं नाही, पण ती प्रजाती खाऊ घालण्याच्या चाचणीत पहिली घ्या.

महापे_रजिस्ट्रेशन: धन्यवाद मॅडम, सर. आरएनएच्या विघटनाच्या चाचणीला मातीसाठी मुरबाडची भातजमीन आणि पाण्यातल्या जिवांच्या चाचणीला ठाणे खाडीचं पाणी धरलं आहे.

कीटकविष_तुर्भे: माती ठीक, पण चिकणमाती आरएनए धरून ठेवते. ठरावीक मात्रा मिसळून आधी किती परत मिळतो ते काढा, नाहीतर कमी वसुलीलाच विघटन समजाल. आरएनए मोजणाऱ्या आरटी-क्यूपीसीआर चाचणीआधी ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवा, म्हणजे दोन धागे सुटतील. डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या पाणपिसवांना मात्र खाडीचं पाणी नको, क्षारानेच मरतील.