अँटिबायोटिकसोबतची ती कॅप्सूल

मायक्रोबायोमवरचं (म्हणजे आपल्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंवरचं) संशोधन अजून प्रयोगशाळेतच आहे, दवाखान्यात पोचलेलं नाही, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. अँटिबायोटिकच्या चिठ्ठीत खाली प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंची कॅप्सूल) सर्रास असतं की! मेडिकलवाला तर न विचारताच स्ट्रिप कापून देतो. संशोधनाआधी गोळी पोचली, एवढंच.

२०१८ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने अँटिबायोटिकनंतर काही निरोगी स्वयंसेवकांना प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही, आणि काहींच्या पोटात त्यांचीच आधी साठवलेली विष्ठा परत सोडली (हो, खरंच). या शेवटच्यांच्या आतड्यातले मूळचे जंतू काही दिवसांत परतले. प्रोबायोटिकवाल्यांचे मात्र महिनोन्महिने रखडले, काहीच न घेणाऱ्यांपेक्षाही मागे. स्वयंसेवक जेमतेम २१ होते, तेव्हा लगेच डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला या कॅप्सूलचा उपयोग होतो, तो मुद्दा वेगळा.