नको ती अक्षरं काढायला पहिल्याच महिन्यात रेजेक्स? माझा ठाम विरोध

लॅबवाल्या बाई
काल इथे एकांनी लिहिलं, "स्ट्रिंग साफ करायला पोरांना फॉर लूप शिकवणं म्हणजे घरात मिक्सर असताना पाट्यावर वाटण वाटणं. रेजेक्सची एक ओळ द्या, विषय संपला." नवख्यांसाठी सांगते: स्ट्रिंग म्हणजे मजकुराचा तुकडा, लूप म्हणजे एकेक अक्षर घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करणं, आणि रेजेक्स म्हणजे मजकुरातला नमुना शोधायची सांकेतिक ओळ. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आठ वर्षं तालुक्याच्या गावी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतेय. दर बॅचला एकच तक्रार असते: "मॅडम, रिप्लेस केलं पण कॉमा गेलाच नाही." जाईल कसा? स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. रिप्लेस नवी स्ट्रिंग देतो आणि पोरांनी ती कुठे ठेवलेलीच नसते. हे कळतं ते फळ्यावर. रिकामी स्ट्रिंग घ्या, एकेक अक्षर बघा, हवं असेल तर जोडा, नको असेल तर पुढे चला. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर पायथनमधले तयार रिप्लेस, स्ट्रिप (कडेची अक्षरं काढणारा), ट्रान्सलेट (अक्षरं बदलणारा किंवा गाळणारा). रेजेक्स सगळ्यात शेवटी. आयती ओळ चिकटवणाऱ्या मुलाला "आता डॅश तेवढा ठेव" म्हटलं की तो गप्प.

एक_ओळ_पुरे
तो मीच. आणि माझं मत तेच आहे. नोकरीत कोणी अक्षरामागे अक्षर जोडत बसत नाही. तुमचे ते सोपे स्ट्रिप-बिप तरी कुठे सरळ आहेत? आमच्याकडे एका नव्या मुलाने मोबाइल नंबरांवर एलस्ट्रिप, म्हणजे फक्त सुरुवातीकडून काढणारा स्ट्रिप, चालवला, कंसात '+९१'. त्याला वाटलं, सुरुवातीचं +९१ जाईल. पण स्ट्रिप शब्द काढत नाही. दिलेल्यापैकी कुठलंही अक्षर कडेला दिसेल तोवर खात सुटतो. ९८ने सुरू होणाऱ्या प्रत्येक नंबराचा ९ गेला. नऊ आकडी नंबरांवर दोन दिवस मेसेज जात होते. रेजेक्समध्ये 'सुरुवातीलाच, आणि एवढंच' असं स्पष्ट लिहिता येतं.

सांगलीकर_डेव्ह
त्याला रिमूव्हप्रिफिक्स आहे की, सुरुवातीचा नेमका तेवढाच तुकडा काढणारं. ३.९ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२० मध्येच आलंय. त्यासाठी रेजेक्स कशाला?

डेटा_आणि_चहा
ती 'एक ओळ' म्हणजे बॅकस्लॅश-डब्ल्यू (रेजेक्समधली 'अक्षर किंवा आकडा' यांची खूण) आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं उडवणारीच ना? मग माझं ऐका. गावांच्या यादीतले स्वल्पविराम आणि कंस काढायला मी तीच चालवली. 'पुणे'चं 'पण' झालं. 'नाशिक'चं 'नशक'. 'कोल्हापूर'चं 'कलहपर'. एरर एकही नाही! पायथनच्या रेजेक्सला क हे अक्षर वाटतं, काना-मात्रा-वेलांटी वाटत नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक आणि वर्ग देणाऱ्या पद्धतीत, त्यांचा वर्ग 'मार्क' आहे. हलन्त आणि अनुस्वारही त्यातच. 'हे अक्षर आहे का' तपासणाऱ्या इजअल्फाचं तेच. तेव्हापासून मी पायथनच्या युनिकोडडेटामधून प्रत्येक अक्षराचा वर्ग बघते. एल (लेटर) किंवा एमने (मार्क) सुरू झाला तर ठेवायचं. आणि हो, ते लूपमध्येच करते.

एक_ओळ_पुरे
नवशिक्याला मराठी मजकूर द्यायचाच कशाला? आधी इंग्रजीत हात बसू दे.

लॅबवाल्या बाई
हेच, हेच वाक्य मला सहन होत नाही! माझ्या वर्गातली मुलगी पहिल्या दिवशी स्वतःचं नाव टाइप करते, देवनागरीत. तिचं नाव मोडून पडलं तर तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तुम्ही म्हणताय, नावच इंग्रजीत लिही?

एक_ओळ_पुरे
तुम्ही भावनिक होताय. मी फक्त क्रम सांगितला.

लॅबवाल्या बाई
क्रमाबद्दलच बोलतेय. तुमच्या क्रमात ती मुलगी कितव्या नंबरावर आहे?

मुद्रितवाचक
मी प्रोग्रामर नाही, मुद्रितं तपासतो. पण हे माझं जुनं दुखणं आहे. आमचे जुने लेख वेबसाइटवर चढवताना कोणीतरी 'अदृश्य अक्षरं' साफ केली. 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या, 'सह्याद्रीच्या दर्या' झाल्या. एका लेखात आचाऱ्यांना दिलेला पगार आचार्यांना गेला. बोलणी मी खाल्ली, कारण शेवटचं वाचन माझं होतं. माझ्या प्रतीत ते बरोबर होतं!

डेटा_आणि_चहा
तुमच्या फाइलमध्ये तो ऱ्य, र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह, युनिकोड क्रमांक २००डी) असा लिहिलेला असणार. जॉइनर काढला की रफार होतो. थेट ऱ वापरला असता तर वाचला असता.

सांगलीकर_डेव्ह
पण अदृश्य काहीच काढायचं नाही असंही नाही हं. २००बी, ती शून्य रुंदीची जागा, वेबवरून चिकटवताना येते. स्ट्रिप तिला हात लावत नाही. दोन 'पुणे' दिसायला सारखे आणि तुलना केली की वेगळे. ती काढायलाच हवी.

डेटा_आणि_चहा
२००बी काढा. २००डीला हात लावू नका. 'सगळं अदृश्य' असा एक वर्ग करून उडवणं, तिथेच घात होतो.

एक_ओळ_पुरे
आत्ता माझं स्वतःचं नाव त्या ओळीतून काढून बघितलं. बरं, मराठीसाठी ती ओळ चुकीची आहे, तेवढं मागे घेतो. इंग्रजीत शिका म्हणालो तेही. पण रेजेक्ससाठी महिनाभर थांबणं मला मान्य नाही. आठवडा पुरे.

लॅबवाल्या बाई
दोन आठवडे. त्याखाली मी येणार नाही.

मुद्रितवाचक
तुमचं ठरत राहील. माझ्या दऱ्या परत कशा आणायच्या?

डेटा_आणि_चहा
दर्या आणि दऱ्या दोन्ही खरे शब्द आहेत, त्यामुळे शोधून-बदलून जमणार नाही. साफ करण्याआधीच्या फाइली कोणाकडे असतील तर त्या मागवा. नसतील तर पुन्हा वाचावं लागेल, सगळं. किती लेख आहेत? थोडे मी घेते.